अलंकार शिकवणारा मोबाइलवरचा अभ्यासक्रम : कान तयार होतो, शब्दशक्ती कच्ची राहते

पुतणीच्या स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मराठी अलंकार आणि शब्दशक्ती (शब्दाची अर्थ सांगण्याची ताकद) शिकवणारा एक ध्वनिचित्रमुद्रित अभ्यासक्रम विकत घेतला आणि तिच्याबरोबर मीही तो सबंध पाहिला. अशा अभ्यासक्रमांचा साचा सध्या इतका सारखा झाला आहे की संस्थेचे नाव न घेताही हे परीक्षण इतरांच्या उपयोगी पडावे.

शब्दालंकार, म्हणजे शब्दांच्या नादावर आणि रूपावर उभा असलेला अलंकार, हा मुळात कानाचा विषय असल्यामुळे छापील मार्गदर्शिकांत तो निर्जीव होतो, आणि या अभ्यासक्रमाची खरी कमाई नेमकी येथे आहे. मोरोपंतांच्या केकावलीतील ‘सुसंगति सदा घडो’ हा श्लोक शिक्षक पृथ्वी वृत्ताच्या चालीवर म्हणतात आणि ‘घडो’, ‘पडो’, ‘झडो’ यांवर किंचित रेंगाळतात. तेवढ्याने यमक कळते, व्याख्या मागाहून लिहून घेतली तरी चालते. ‘श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी नवरी’ हे सभंग श्लेषाचे (शब्द तोडला की दुसरा अर्थ निघतो त्या अलंकाराचे) नेहमीचे उदाहरण पुस्तकात वाचताना विद्यार्थी हमखास अडखळतो, कारण दोन्ही वेळा अक्षरे तीच असतात. शिक्षकांनी पहिला ‘नवरी’ सरळ उच्चारला, दुसऱ्या वेळी ‘न’नंतर श्वास घेऊन ‘वरी’ म्हटले, आणि शिशुपालाला वरण्यास रुक्मिणीने दिलेला नकार त्या एका विरामात ऐकू आला.

अर्थावर उभ्या असलेल्या अलंकारांचा, म्हणजे अर्थालंकारांचा, पाठही चांगला बेतला आहे. उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते), साधर्म्य (दोहोंतला समान गुण) आणि साम्यवाचक शब्द ही चार अंगे समजावून झाल्यावर मुख आणि चंद्र ही एकच जोडी घेऊन शिक्षक सर्व साम्यमूलक अलंकार तिच्यावर बसवून दाखवतात. मुख चंद्रासारखे आहे म्हटले की उपमा. मुख जणू चंद्रच आहे म्हटले की उत्प्रेक्षा. मुखचंद्र असा अभेद मानला की रूपक. हे मुख नव्हे, चंद्रच आहे असे सांगून उपमेय नाकारले की अपन्हुती. मुख चंद्राहूनही सुंदर ठरले की व्यतिरेक. त्या मुखासारखे तेच मुख म्हटले की अनन्वय. हे मुख की चंद्र असा संशय कायम राहिला की ससंदेह. आणि चकोर खरोखरच मुखाकडे झेपावला की भ्रान्तिमान. उपमा ही काव्याच्या रंगभूमीवर नाना भूमिका घेऊन नाचणारी एकच नटी आहे, असे संस्कृत काव्यशास्त्रकार अप्पय्य दीक्षितांनी चित्रमीमांसा या ग्रंथात म्हटले आहे. शिक्षकांनी हा दाखला दिला असता तर पाठाला आणखी वजन आले असते. तरीही सुटी उदाहरणे घोकण्यापेक्षा ही मांडणी कितीतरी सरस आहे.

दुर्दैवाने पुढच्याच पाठात या मांडणीवर पाणी पडते. ‘सम, परी, सारखा दिसले की उपमा; जणू, गमे, वाटे, भासे दिसले की उत्प्रेक्षा; हून, पेक्षा दिसले की व्यतिरेक’ अशी खुणेच्या शब्दांची चौकट पडद्यावर येते आणि ‘यावर एक गुण नक्की’ असे आश्वासन मिळते. (हे आश्वासन जवळजवळ प्रत्येक पाठात मिळते.) खुणेचा शब्द मदतीला असावा, पण निर्णय उपमेय आणि उपमान यांच्या नात्यावरच व्हायला हवा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील ‘परि अमृतातेंही पैजां जिंके’ या चरणात ‘हून’ही नाही आणि ‘पेक्षा’ही नाही, तरी मराठी बोलाने अमृताशी पैज जिंकली म्हणजे उपमेय उपमानाच्या वर चढले, हा व्यतिरेक उघड आहे. उलट ‘या सम हा’ यात ‘सम’ आहे. पण उपमेयाला स्वतःखेरीज दुसरे उपमानच उरत नसल्याने तो अनन्वय ठरतो. अभ्यासक्रमाच्या सराव चाचणीत ‘या सम हा’ यातला अलंकार कोणता, या प्रश्नाचे उत्तर ‘उपमा’ असे दिलेले आढळले, आणि ते अनन्वय शिकवून झाल्यानंतरच्या चाचणीत!

शब्दशक्तीचा भाग सर्वांत उणा आहे. अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ, म्हणजे वाच्यार्थ, सांगणारी), लक्षणा (त्याला लागून असलेला दुसरा अर्थ देणारी) आणि व्यंजना (अर्थ सुचवणारी) या तिन्ही शक्ती एकाच पाठात घाईघाईने उरकल्या आहेत. लक्षणेला मुख्य अर्थाचा बाध व्हावा लागतो (म्हणजे तो वाक्यात बसता कामा नये), दुसऱ्या अर्थाचा त्याच्याशी संबंध असावा लागतो आणि रूढी किंवा प्रयोजन यांचा आधार लागतो, हे संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाश या ग्रंथात सांगितलेले निकष आहेत. पैकी पहिलाच येथे गाळला आहे. परिणामी ‘घरावरून हत्ती गेला’ आणि ‘सूर्य मावळला’ या दोन वाक्यांतला फरक विद्यार्थ्याला सांगता येत नाही. पहिल्यात वाच्यार्थ अशक्य असल्याने आपण ‘घरासमोरून’ असा अर्थ घेतो, म्हणून ती लक्षणा. दुसऱ्यात सूर्य खरोखरच मावळलेला असतो, वाच्यार्थाला काहीच अडचण नसते, आणि तरीही गुराख्याला गुरे वळवण्याची व पुजाऱ्याला सायंपूजेची वेळ झाल्याचे त्यातून कळते, ही व्यंजना. एवढे स्पष्टीकरण आणखी दहा मिनिटांत सहज बसले असते. अलंकारांपैकी दृष्टान्त (तशाच दुसऱ्या गोष्टीचा दाखला देणे) आणि अर्थान्तरन्यास (एका गोष्टीवरून सर्वसाधारण सिद्धान्त सांगणे किंवा उलट) यांतील भेदही एका वाक्यात गुंडाळला आहे.

सोबतच्या टिपणांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बऱ्याच असून ओव्यांवरील अनुस्वार गळाले आहेत, त्यामुळे उदाहरणे टिपणांतून पाठ न करता पडद्यावरून उतरवून घ्यावीत. शालान्त परीक्षेच्या विद्यार्थ्याला हा अभ्यासक्रम पुरेसा आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी मात्र अलंकारांपुरताच तो वापरावा आणि शब्दशक्तीसाठी व्याकरणाचे चांगले पुस्तक जवळ ठेवावे. शंका विचारण्याची सोय जाहिरातीत आहे. चाचणीतील ‘उपमा’ या उत्तराबद्दल पुतणीने तेथे लिहिले होते, त्यावर ‘नोंद घेतली आहे’ एवढाच निरोप आला आणि उत्तर अद्याप तसेच आहे.