जुना ट्रॅक्टर घरी रंगवावा की पेंटरकडे द्यावा?

औशाकडच्या भाच्याचा परवा फोन आला. त्याच्या सासऱ्यांनी शेडात पडून असलेला मॅसी १०३५ त्याला देऊन टाकलाय. इंजिन चालू आहे, मडगार्ड गंजलेत, बॉनेटचा लाल रंग पार गुलाबी पडलाय. त्याचा प्रश्न एवढाच, "मामा, घरीच रंगवू का लातूरला पेंटरकडे टाकू?" अर्धा तास बोललो तरी बरंच राहून गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी आमच्या घरचा इंटरनॅशनल बी-२७५ दोनदा रंगवलाय. महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी केली, त्यातून इथे बनू लागलेलं हे मॉडेल. आबांनी त्यावर आमची सगळी जमीन नांगरली. पहिल्या वेळचा रंग दीड वर्षात सुटला, दुसऱ्या वेळचा अजून टिकून आहे. दोन्ही वेळा दुकान तेच, रंग फवारायची गनही तीच.

माझं मत आधीच सांगतो: बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची बॉडी घरी करावी आणि बॉनेट-मडगार्डचा पत्रा पेंटरकडे द्यावा. सगळंच घरी किंवा सगळंच बाहेर, यापेक्षा हे बरं पडतं. मात्र ट्रॅक्टर पुढे काय करणार, यावर थोडं बदलतं. पेरणी-कोळपणीला, टँकर ओढायला जाणार असेल तर बाभळीच्या फांदीचे ओरखडे येणारच. अशा ट्रॅक्टरला घरच्या घरी डागडुजी करता येईल असा रंग हवा. दारात उभा राहणार आणि दसऱ्याला हार घालून पूजा होणार एवढंच असेल, तर उन्हात न उतरणारी चकाकी हवी.

रंग कोणता

सिंथेटिक इनॅमल म्हणजे दारं-खिडक्यांना मारतो तो ऑइलपेंट. ब्रशने लागतो, गनने लागतो, चुका पोटात घालतो. जुन्या इनॅमलवर नीट घासून परत मारता येतो. खरचटलं तर तेवढाच भाग घासून हात फिरवला की झालं. त्याचं वाईट म्हणजे सुकायला वेळ घेतो. हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागला तरी आतून घट्ट व्हायला काही आठवडे जातात, आणि तेवढ्यात डिझेल सांडलं तर डाग बसतो. आपल्याकडच्या उन्हात लाल रंग काही वर्षांत फिका पडतो, हेही खरं.

ड्युको, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट, दहा-पंधरा मिनिटांत हाताला सुकतो, त्यामुळे धूळ कमी चिकटते. पण पातळ थर बरेच द्यावे लागतात, वर पॉलिश करावं लागतं, आणि पेट्रोल-थिनर सांडलं की तो मऊ पडतो. शिवाय त्याचा थिनर जुन्या इनॅमलला उचलतो. मी टूलबॉक्सच्या झाकणावर मारून पाहिला, तर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. ट्रॅक्टरला ड्युको नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

पीयू (पॉलियुरेथेन) म्हणजे दोन डब्यांचा रंग, एकात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर. कार-जीपला हल्ली हाच मारतात. कडक होतो, डिझेल-ऑइलला दाद देत नाही, उन्हात चमक टिकवतो. महाग पडतो, हे एक. दुसरं, हार्डनर मिसळला की काही तासांत संपवावाच लागतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते फवाऱ्यातून छातीत गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून काहीही उपयोग होत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो आणि तो आपल्याकडे नसतो. अंगणात पोरं खेळतात, शेजारी म्हातारी माणसं बसलेली असतात. तिथे पीयू फवारू नका. पत्रा पेंटरकडे द्या म्हणतो त्याचं निम्मं कारण हेच आहे. इनॅमल फवारतानाही रसायनाच्या वाफा अडवणारा काडतुसाचा मास्क लावाच.

पावडर कोटिंगचंही विचारतात. त्यात सुट्या भागावर रंगाची कोरडी पूड मारून तो १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. टूलबॉक्स, ड्रॉबार (मागची ओढायची पट्टी), टायर काढलेले रिम यांना उत्तम. ऑइल सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बसवलेली बॉडी भट्टीत घालता येत नाही, आणि साधी पुट्टी भरलेला पत्राही चालत नाही, कारण पुट्टी त्या उष्णतेला टिकत नाही.

खरं काम रंगाच्या आधीचं

पोळ्याला बैलाची शिंगं घासल्याशिवाय कोणी हिंगूळ लावत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र लोक थेट गन हातात घेतात. मीही पहिल्या वेळी घाईच केली होती. बॉडी डिझेल आणि ब्रशने धुतली, फडक्याने पुसली, हाताला काळं लागेना म्हणून स्वच्छ झाली असं धरून चाललो. दीड वर्षाने क्लच हाउसिंगच्या खालच्या कडेला नखाएवढा फोड दिसला. टोकरला तर तळहाताएवढा पापुद्रा प्रायमरसकट अखंड निघून आला. खालचं बीड ओलसर, तेलकट, कालच कोणी ग्रीसचा हात फिरवल्यासारखं. डिझेलचा पातळ थर मागे राहतो आणि त्यावर कुठलाच रंग धरत नाही, हे तेव्हा कळलं. भरीला मागचं ऑइल सील गळत होतं, ते मी बदललंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी आधी सगळ्या गळत्या बंद केल्या. मग काळ्या मातीचा आणि ग्रीसचा जो थर दगडासारखा बसलेला असतो, तो पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढला. त्यानंतर डिझेलने धुणं, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि साबण घालून दोनदा घासणं, भरपूर पाणी, दिवसभर ऊन. शेवटी थिनरचं फडकं एका हातात आणि कोरडं फडकं दुसऱ्या हातात, वीतभर जागा ओली करायची आणि वाळायच्या आत कोरड्याने टिपायची. यातच तीन दिवस गेले. पारख सोपी आहे: बॉडीवर पाणी शिंपडा. सलग पसरलं तर तेल गेलं. आळूच्या पानावर राहतं तसं मोत्यांसारखं जमलं, तर परत सोड्याला लागा.

धुताना इंजिन थंड असू द्या. गरम डिझेल पंपावर थंड पाण्याचा जोरदार फवारा मारला तर पंप जाम होऊ शकतो. बॅटरीची जोडणी काढा, एअर क्लीनर आणि डायनॅमो प्लास्टिकने बांधा. कॉस्टिक सोडा वापरणार असाल तर ॲल्युमिनियमच्या भागांपासून लांब ठेवा, तो ॲल्युमिनियम खातो.

बॉडीचं काम घरी करावं, असं मी म्हणतो ते यामुळेच. हे काम कौशल्याचं कमी आणि चिकाटीचं जास्त आहे. पेंटरकडे चार गाड्या रांगेत असतात. बेल हाउसिंगच्या सांदीतलं ग्रीस खरवडत तो तीन दिवस बसणार नाही आणि तेवढी मजुरीही आपण देणार नाही. उलट लातूर, नांदेड, परभणीकडचे डेंटर-पेंटर रोज पत्र्यावर काम करतात. बॉनेटचा पोचा आतून ठोकून वर आणणं, मडगार्डचा कुजलेला काठ कापून नवा तुकडा जोडणं, हे हात बसल्याशिवाय जमत नाही. आमच्या मडगार्डचा पोचा मी पुट्टीने भरला होता, चांगला बोटभर थर देऊन. ढेकळातून दोन फेऱ्या झाल्या आणि तो ढलपा निघून पडला. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. बाकी पोचा ठोकूनच निघायला हवा. दुसऱ्या वेळी ते काम ज्या पेंटर चाचांकडे दिलं, त्यांनी पत्र्यावर तळहात फिरवून, डोळे मिटून उंचवटा शोधला.

पेंटरशी आधी नीट बोला. जुना रंग पत्र्यापर्यंत काढणार की वरूनच मारणार? प्रायमर रेड ऑक्साइड की इपॉक्सी? भाग खोलून रंगवणार की कागद चिकटवून? वरून मारायचं आणि कागद चिकटवायचा, हेच उत्तर आलं तर ते काम घरीही होतं, पैसे वाचवा.

गंज कसा काढावा

सँडब्लास्टिंगने काम झटपट होतं आणि रिम, ड्रॉबार, जाड पट्ट्या यांना ते चांगलंच. बॉनेटचा पातळ पत्रा मात्र त्या माऱ्याने तापतो, ताणतो, त्याला लहरी येतात. जोडलेल्या बॉडीवर मारलं तर वाळू सील आणि बेअरिंगमध्ये शिरते. शिवाय वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात कायमची बसते, म्हणून हे घरी करायचं कामच नाही. घरी ग्राइंडरला वायरब्रश लावा, डोळ्याला चष्मा, आणि सांदीकोपऱ्यात हाताचा ब्रश. बारीक कंगोरे असलेल्या पत्र्याला पेंट रिमूव्हर बरा.

जुना मूळ रंग घासताना एक जपा. त्या काळच्या लाल, पिवळ्या, नारिंगी रंगांत शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१६ च्या नियमाने, लागू झाली २०१७ मध्ये. म्हणून पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, गॅसच्या टॉर्चने रंग जाळू नका, पोरांना लांब ठेवा, खरवडलेला चुरा गोठ्याकडे जाऊ देऊ नका.

मागचे रिम वेगळे तपासा. टायरात वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्व्हच्या भोवती रिम आतून खाल्लेला असतो. बाहेरून रंगवून तो दुरुस्त होत नाही, टायर उतरवावाच लागतो.

पत्रा आणि बॉडी वेगळी केली तर शेड जुळेल का

मॅसीचा प्रश्न सोपा आहे, कारण पत्रा लाल आणि बॉडी करड्या रंगाची. लाल पीयू बाहेरून, करडं इनॅमल घरी, कोणाच्या लक्षातही येत नाही. आमचा बी-२७५ सगळाच लाल, तिथे दोन जातींचे दोन लाल शेजारी आले की डोळ्याला खुपतात. मी आधी बॉडी रंगवली, त्याच डब्यातून एका पत्र्याच्या पट्टीवर हात मारला आणि ती वाळलेली पट्टी पेंटरला दिली. त्यांनी तिच्यावरून पीयू मिसळून घेतला. मूळ शेड हवी असेल तर सीटच्या पट्टीखाली किंवा मीटर बोर्डाच्या मागे बघा, तिथे ऊन लागलेलं नसतं. आमच्याकडे सीट काढली तेव्हा खाली रुपयाएवढी जागा नव्या गाडीसारखी लाल होती. आबा बराच वेळ तिच्यावर बोट ठेवून बसले होते.

मूळ रंग असा बऱ्याच ठिकाणी जिवंत असेल, तर रंगवायची घाई करू नका. धुऊन, गंजाच्या जागा तेवढ्या थांबवून, वॅक्स लावून ठेवला तरी ट्रॅक्टर देखणा दिसतो. मूळ रंग एकदा घासला की परत येत नाही.

मूळ रंगच ठेवण्याचं कागदपत्रांच्या बाजूनेही कारण आहे. आरसीवर रंगाची नोंद असते. लालचा निळा केलात तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते. नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि तेव्हा चेसिस नंबर वाचता यायला हवा. ग्राइंडर चालवण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरवर टेप लावा, प्लेट असेल तर काढून ठेवा, नंबरावर पुट्टी चुकूनही नको.

केव्हा करावं

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. गनमधून निघालेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंत निम्मा वाळतो आणि हाताला खरखरीत लागतो. वर वावटळीची धूळ. पावसाळ्यात दमटपणामुळे नुकतंच घासलेलं बीड एका रात्रीत तांबूस होतं. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला की ट्रॅक्टर मोकळा असतो. तेव्हापासून येळवसपर्यंतचा (मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येपर्यंतचा) काळ सगळ्यांत चांगला. फक्त सकाळी दहिवर असतं, म्हणून दहानंतर गन धरायची आणि तीनच्या आत थांबायचं. आदल्या संध्याकाळी अंगणात सडा टाकून ठेवला की धूळ बसते. घासलेल्या बिडाला त्याच दिवशी प्रायमर, हे मात्र कुठल्याही ऋतूत.

भाच्याला मी सांगितलंय ते असं: बॉनेट, मडगार्ड आणि पुढची जाळी खोलून चाचांकडे टाक. ते काम होईपर्यंत गळत्या बंद करून बॉडी धू, रेड ऑक्साइड आणि करड्या इनॅमलचे दोन हात गनने मार. सायलेन्सरला उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम पेंट, तो साध्या रंगाने जळून जातो. आणि इनॅमल उरलं तर काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून सावलीत ठेव. पहिल्याच पेरणीत क्लचच्या पायटावर बूट घासून रंग जाणार आहे, तेव्हा तेच लागेल.