लातूरचं बालविकास केंद्र, धाकटीची तपासणी: पाचपैकी चार तारे

आधी तक्रारच सांगते. बाहेरच्या हॉलमध्ये भिंतीवर भलामोठा टीव्ही आणि त्यावर दिवसभर कार्टून. आत लेकरं तपासणाऱ्या मॅडम सांगणार, लेकराला स्क्रीन दाखवू नका, आणि बाहेर अकराची वेळ देऊन साडेबारापर्यंत त्याच टीव्हीसमोर बसवणार. रिसेप्शनवरच्या पोरीला बंद करा म्हटलं तर म्हणे, "ताई, मग लेकरं रडतेत." आमचा थोरला तिथून हलेना. त्याला उठवताना जे झालं ते सगळ्या हॉलनं बघितलं.

आता आतलं. थोरल्याला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता; नजरेनं-बोलण्यानं इतरांशी जोडून घेणं त्याला अवघड जातं. पाठच्या भावंडात ऑटिझम असण्याची शक्यता साधारण पाचात एक, म्हणून धाकटीला दहा महिन्यांची असतानाच औशाहून इथं आणलं. मला वाटलं वजन-उंची घेतील, चार प्रश्न विचारतील. मॅडम तर सतरंजीवर मांडी घालून बसल्या. पोरीला माझ्या मांडीवरच राहू दिलं आणि साबणाचे फुगे सोडले. पोरगी फुग्याकडं बघायली, मग वळून माझ्या तोंडाकडं, परत फुग्याकडं. मॅडम हळूच म्हणाल्या, "बघितलं का? फुगा मम्मीला पण दिसला का, हे ती तपासायली." मग फुगे थांबवून त्या मुद्दाम गप्प बसल्या. पोरीनं हात हलवले, त्यांच्याकडं बघून 'आं' केलं. ओढणीआड बुवाकुक झालं. मागून नाव घेतलं तेव्हा पहिल्या हाकेला नाही, दुसऱ्या हाकेला वळली. शेवटी भिंतीवरच्या मोराकडं बोट दाखवलं तर ही बोटाकडंच बघत राहिली. माझा जीव खालीवर. "चालतंय. बोटाच्या दिशेनं बघणं वर्षाच्या आसपास येतं. पुढच्या खेपेला बघू," एवढंच म्हणाल्या.

थोरल्याचे जुने व्हिडिओ मागितले, हे मला फार आवडलं. त्याच्या जावळाचा व्हिडिओ दाखवला. मामा, आत्या, सगळे हाका मारायलेत आणि तो वर पंख्याकडं बघायलाय. तेव्हा आम्ही 'पंख्याचा लई नाद' म्हणून हसलो होतो.

यूट्यूबवर 'बाळ डोळ्यात बघत नाही' असले व्हिडिओ बघून मी घाबरले होते, तेही विचारलं. मॅडमनी सांगितलं, 2013 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी नजर टिपणाऱ्या यंत्रावर बाळं तपासली होती. पुढं ज्यांना ऑटिझम निघाला ती दुसऱ्या महिन्यात इतरांसारखीच डोळ्यांकडं बघत होती. दोन ते सहा महिन्यांत ते बघणं कमी होत गेलं. पण हा फरक यंत्राला कळतो, घरी नुसत्या डोळ्यांनी नाही. एका नजरेवरून कुणी निदान सांगायला लागलं तर सरळ उठून यायचं, असं मॅडमनी बजावलं. स्वतःही निदान दिलं नाही, फक्त नोंद केली. दीड वर्षाची झाल्यावर ऑटिझमची शक्यता बघणारी वीस प्रश्नांची चाचणी घेतील. ती 16 ते 30 महिन्यांच्या लेकरांसाठी असते.

रिपोर्ट मात्र सगळा इंग्रजीत. घरी पोरीला दिवसभर सासूबाई सांभाळतात, त्यांनी काय वाचायचं? तक्रार केल्यावर मॅडमनी मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहून दिलं: भरवताना तोंडासमोर बसा, ती ज्याकडं बघते त्याचंच नाव घ्या, बोलून झाल्यावर तिच्या उत्तरासाठी थांबा. सासूबाईंनी तो कागद फ्रिजवर चिकटवलाय.

फी फोनवर नीट सांगत नाहीत, गेल्यावरच कळते. एक तारा त्यासाठी आणि टीव्हीसाठी मिळून कापलाय. ज्यांना परवडत नाही त्यांनी गावात येणाऱ्या शाळा-अंगणवाडी तपासणी पथकाकडून चिठ्ठी घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे लेकरांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्रात, विकासाची तपासणी मोफत होते.