पंधरा रुपयांचा सातबारा

६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. गणपतीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते आणि खळ्यात एक जीप येऊन थांबली. तिच्यातून एक आजी उतरल्या. मागोमाग दोन मुलगे, सुना, चार नातवंडं, मखराचं सामान, पिशव्यांचा ढीग. खेड स्टेशनवरून आले होते सगळे, दिवसभरच्या प्रवासाने पार आंबलेले. आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोण गो तू?"

"आम्ही राहतो इथं. हे घर आम्ही घेतलंय."

"कोणाकडनं?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि तेव्हा लक्षात आलं, की ज्यांच्याकडून आपण घर घेतलं त्यांना आपण एकदाही नीट पाहिलेलं नाही.

हे लिहिते आहे ते आमच्यासारख्यांसाठी. परदेशातून सेवा करून परत येणारी मिशनरी कुटुंबं असोत, निवृत्त होऊन गावाकडे वळणारी माणसं असोत, किंवा कोकणात 'एखादं स्वस्तातलं कौलारू घर' शोधणारे असोत. लाज वाटते लिहायला. पण ज्याने आम्हाला फसवलं त्याचं निम्मं भांडवल ही लाजच होती.

मी नर्स. आमचे हे चर्चमध्ये पाळक. चौदा वर्षं आम्ही मलावीत होतो, ब्लँटायरपासून दोन तासांवरच्या एका मिशनच्या दवाखान्यात. थोरली तिथे गेली तेव्हा दोन वर्षांची होती, धाकटा तर तिथलाच. मिशनच्या माणसाचं एक असतं, आयुष्यभर त्याला घर असतं आणि कधीच नसतं. बंगला मिशनचा, खाट मिशनची, परसातला आंबासुद्धा मिशनचा. माझं माहेरही तसलंच, वडील दवाखान्यात कंपाउंडर, आम्ही वाढलो क्वार्टरमध्ये. ते गेले, क्वार्टर गेलं. सासऱ्यांनी नगरकडची दोन एकर जमीन यांच्या शिक्षणासाठी कधीच विकलेली. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बचत होती ती तिथल्या क्वाचात. नोव्हेंबर २०२३मध्ये मलावीच्या रिझर्व्ह बँकेने क्वाचाचं ४४ टक्के अवमूल्यन केलं. दीड वर्षापूर्वी २५ टक्के झालंच होतं. आमची शिल्लक आमच्या डोळ्यांदेखत मिठासारखी विरघळली. सगळं गोळा करून भारतात आणलं तेव्हा हातात पंधरा लाखांच्या आतबाहेर रक्कम होती. कर्ज कुठली बँक देणार? पगाराची चिठ्ठी नाही, विवरणपत्रं नाहीत, वय बावन्न.

परत आल्यावर चर्चच्या मंडळीने हार घातले, सहभोजन झालं, मलावीचे फोटो पडद्यावर दाखवले. "आता राहणार कुठे?" हे मात्र कुणी विचारलं नाही. वाईट हेतू नव्हता कुणाचा. देवाच्या माणसांची सोय देव करतो अशी सगळ्यांची समजूत, आणि खरं सांगायचं तर आमचीही.

कोकणच का, तर मला समुद्र हवा होता, मुलांना मोकळी जागा, आणि यांना हर्णै. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी पहिल्यांदा उतरले ते बाणकोट आणि हर्णैच्या बाजूला. विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सनही १८२९मध्ये आले ते मराठी शिकायला आधी इकडेच राहिले. मलावीतलं ब्लँटायर वसवलं तेही स्कॉटिश लोकांनीच, लिव्हिंगस्टनच्या जन्मगावाचं नाव देऊन. यांना वाटायचं आपला धागा असा फिरून परत जागेवर आला. मला तेव्हाच म्हणायला हवं होतं की धागे राहू देत, आधी भाडं किती ते विचारा.

दापोली तालुक्यात मे महिन्यात भाड्याचं घर शोधून बघा. जी घरं चांगली ती होम-स्टे झालेली. उरलेल्यांचे मालक मुंबईला. दोन ठिकाणी सगळं जुळलं आणि हे पाळक आहेत कळल्यावर "भाच्याला द्यायचं ठरलंय" असं झालं. कुणी वाईट बोललं नाही, दार तेवढं हळूच लागलं. त्यामुळे एका रविवारी उपासनेनंतर जो माणूस "सलाम पाळकसाहेब" म्हणत पुढे आला, तो आम्हाला दलाल वाटलाच नाही. आपलं माणूस वाटलं.

तो आमच्याबरोबर प्रार्थनेला बसायचा. यांच्या पाया पडायचा. "तुम्ही परक्या मुलखात झिजलात, तुमच्याकडून मी कमिशन घेऊ?" म्हणाला. कमिशन न घेणाऱ्या दलालाला पैसे मिळतात कुठून, हा प्रश्न मला आज सुचतो.

हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यातलं ते गाव. घर बघितलं आणि मी विरघळले. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, आत माजघर, मागे विहीर आणि सात-आठ माडांचं आगर. २०२०च्या निसर्ग वादळात उडालेली कौलं नवी घातलेली. पाच गुंठे, घरासकट चौदा लाख. आजूबाजूचे भाव ऐकले होते, त्यामानाने निम्मेच. "मालकाला देवाच्या कामासाठी द्यायचंय," तो म्हणाला. मालक म्हणून एक तिशीतला मुलगा आला, नालासोपाऱ्याहून. पंधरा मिनिटं बसला, मोबाइलवरून मान वर केली नाही.

सातबारा दाखवला. प्लॅस्टिकमध्ये मढवलेला, हाताने लिहिलेला जुना उतारा, त्यावर एकच नाव, त्या मुलाच्या आजोबांचं. "आजोबा वारले, हा एकटा वारस, नोंद चालू आहे." आम्ही मान डोलावली. हस्तलिखित उतारे बंद होऊन बरीच वर्षं झालीत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सरकारच्या भूलेख संकेतस्थळावर चालू सातबारा कुणालाही फुकट बघता येतो, आणि पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा निघतो. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम. गट नंबर तर त्या मढवलेल्या कागदावरच होता.

थोरलीने विचारलं होतं, "आई, ऑनलाइन बघू का?" हे म्हणाले, नको, त्याला वाईट वाटेल. तो समोरच बसला होता, चहा पीत.

एक लाख इसार दिला. मग साठेखत, म्हणजे पुढे विक्री करायचा करार झालं, शंभराच्या मुद्रांकावर, दापोलीत नोटरीसमोर. दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं का, असं मी विचारलं. "वहिनी, सर्व्हर डाऊन असतो हल्ली. गणपतीनंतर थेट खरेदीखतच नोंदवू, दोनदा खर्च कशाला?" नोंदवलं असतं तर तिथे चालू सातबारा, मालकाची ओळख, सगळं पुढे करावं लागलं असतं. नोटरीचा शिक्का त्या कागदावर सही कुणी केली एवढंच सांगतो. सही करणाऱ्याचं घर आहे का, ते नाही. साठेखताचे तीन लाख गेले ते मालकाच्या खात्यात नाही, दलालाच्या बायकोच्या. "पोराचं खातं गोठवलंय बँकेने." वर दोन लाख रोख, जमीन बिनशेती करायला आणि 'साहेबांना' द्यायला. घरजमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घ्यायला आयकर कायद्यानेच बंदी आहे. आम्हाला कुठली माहिती, आणि लाच द्यायची म्हणून हे दोन रात्री झोपले नाहीत ते वेगळंच.

त्या दोन लाखांमागे आणखी एक थट्टा होती. ते घर गावठाणात नव्हतं, शेतजमिनीवर होतं. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला स्वतः शेतकरी असावं लागतं, नाहीतर कूळकायद्याच्या कलम ६३ची परवानगी काढावी लागते. आमच्याकडे जमीन नाही. सासऱ्यांनी दोन एकर विकली त्या दिवशीच आमचं शेतकरीपण कागदावरून पुसलं गेलं. म्हणजे विकणारा खरा असता तरी ते खरेदीखत असं सहज झालंच नसतं. अॅडव्होकेट बाईंनी नंतर हे सांगितलं तेव्हा यांना हसूच आलं, फार दिवसांनी.

ताबा मात्र दिला त्याने. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चावी हातात. ताबा मिळाल्यावर शंका कसली? याच एका गोष्टीने आम्ही दोन महिने गाफील राहिलो. खरं काय होतं, तर त्या घराची देखरेख वाडीतले एक काका करत. पावसाळ्यात बंद घराला बुरशी धरते, म्हणून कुणी राहिलं तर मुंबईकरांचीही ना नसायची. दलालाने त्यांना महिना तीन हजार देऊन सांगितलं, दवाखान्याची माणसं आहेत, गणपतीपर्यंत राहतील. काका आम्हाला भाडेकरू समजत होते, आम्ही काकांना शेजारी. रोज विहिरीवर बोलायचो. एकदाही दोघांपैकी कुणी पैशांचा विषय काढला नाही. कोकणातला आणि मिशनमधला संकोच एकत्र आला की दलालाचं भलं होतं.

तर, ती संध्याकाळ. मुलगे चिडले होते, साहजिकच. एकाने आमचं साठेखत वाचलं आणि कपाळाला हात लावला. तो नालासोपाऱ्याचा मुलगा त्यांच्या चुलत भावाचा. त्याच्याकडून वीस हजारांत कुलमुखत्यारपत्र लिहून घेतलेलं. मोबाइलवर त्यांनी सातबारा काढला. अकरा नावं. आजींचं, दिरांच्या मुलांचं, सासरी गेलेल्या नणंदांचं, सगळ्यांची सामायिक मिळकत, वाटप झालेलंच नाही. शिवाय 'इतर हक्क' या रकान्यात एका बँकेचा बोजा, म्हणजे कर्ज. कोकणातलं जवळजवळ प्रत्येक जुनं घर हे असं असतं म्हणे. सही करणारा एक भेटतो, हिस्सेदार मुंबईपासून सुरतेपर्यंत पसरलेले.

माजघरात त्यांचा गणपती बसायची जागा होती, तिथे यांचं टेबल आणि पुस्तकं. आम्ही दहा मिनिटांत ती हलवली. धाकटा रडायला लागला. आजींनी एकदा त्याच्याकडे, एकदा पावसाकडे बघितलं आणि मुलांना म्हणाल्या, "सणाच्या दिवशी पोराला भायेर काढायचा नाय. मागली खोली देवा त्यांना." आम्ही गौरी-विसर्जनापर्यंत, १२ तारखेपर्यंत, मागच्या खोलीत राहिलो. रोज ताट यायचं. आरतीला धाकटा जाऊन झांजा वाजवून आला, मी अडवलं नाही.

पोलिसांत गेलो तर आधी "दिवाणी बाब आहे" ऐकलं. इथे बहुतेक जण परत फिरतात. आजींच्या मुलाने आपलीही तक्रार जोडली, अधीक्षकांकडे लेखी अर्ज दिला, तेव्हा गुन्हा नोंदला गेला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पूर्वीचं ४२०. तपासात कळलं, त्याच घराचा इसार आणखी दोघांनी दिला होता, त्यातले एक एसटीचे निवृत्त कंडक्टर. आमच्या बँकेतून गेलेल्या रकमेचा माग लागला आणि एक लाख वीस हजार परत मिळाले. रोख दोन लाखांना पुरावाच नाही. "रोख दिल्याची चिठ्ठी?" असं पोलीस म्हणाले तेव्हा मला आठवलं, चिठ्ठी मागितली होती मी. दलाल म्हणाला होता, वहिनी, वर बघणारा आहे ना.

यांना सगळ्यात लागलं ते पैसे नाही. मंडळीत काही जण म्हणाले, बाहेर बोलू नका, आपल्यातलाच आहे, नाव खराब होईल. त्या रविवारी उपदेशाच्या वेळी यांनी उभं राहून सगळं सांगितलं. सभा संपल्यावर एक विधवा बाई मागे थांबल्या. त्यांनीही त्याला जागेसाठी पन्नास हजार दिले होते, पावती नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ठाण्यावर गेलो.

आता चिपळूणला दोन खोल्यांत आहोत, मी एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करते. खोली बघायला गेलो तेव्हा मी घरमालकांकडे इंडेक्स टू (नोंदवलेल्या खरेदीचा उतारा), यंदाची घरपट्टीची पावती आणि आधार मागितलं. भाडेकरारही नोंदवूनच घेऊ म्हटलं, फी मी भरते. ते चष्म्यावरून बघत राहिले. "अकरा महिन्यांच्या खोलीला एवढं?"

हे काही बोलायच्या आत धाकटा म्हणाला, "आणि सातबारा."

"फ्लॅटला सातबारा नसतो रे बाळा," म्हणत ते हसले, आणि कपाटातून फाइल काढायला उठले.