एन्झाइमने लेबल लावणारं अँटिबॉडी किट: तीन वेळा वापरल्यानंतर

आमच्या फ्रीजरमध्ये उंदराची एक आयजीजी२ए अँटिबॉडी आहे (अँटिबॉडी म्हणजे ठरावीक लक्ष्याला, म्हणजे अँटिजेनला, पकडणारं प्रथिन; आयजीजी हा तिचा नेहमीचा प्रकार). ती बनवणाऱ्या हायब्रिडोमा पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, एकच अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) केव्हाच मेल्या, त्यामुळे उरलेले दोन मिलिग्रॅम संपले की विषय संपला. गेल्या वर्षी त्यातला थोडा भाग घेऊन मी नेहमीसारखा एनएचएस एस्टरवाला (हा रंग प्रथिनाला जोडणारा रासायनिक गट) चमकणारा लाल रंग लावला. रंग भरपूर बसला, एका अँटिबॉडीमागे साडेचार रेणू. पण पेशींवर टाकून फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) पाहिलं तर सिग्नल नाहीच. बिनरंगाची तीच अँटिबॉडी मात्र उत्तम चिकटत होती. फार वाईट वाटलं, कारण वाया गेलेलं परत येणार नव्हतं.

एनएचएस एस्टर लायसिन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) दिसलं की चिकटतो. आयजीजीवर लायसिन ८० च्या घरात असतात आणि त्यातलं कुठलं धरायचं हे आपण सांगू शकत नाही. नंतर अँटिबॉडीचा क्रम काढून घेतला तेव्हा कळलं की अँटिजेन पकडणाऱ्या टोकावरच एक लायसिन आहे. कुलपाच्या भोकात मेण ओतावं तसं झालं होतं.

म्हणून हे किट मागवलं. यात काम एन्झाइम करतात, आणि तेही पकडीपासून लांब, अँटिबॉडीच्या खालच्या दांड्यात, म्हणजे एफसी भागात. आयजीजीच्या दोन्ही जड साखळ्यांवर (अँटिबॉडीच्या दोन मोठ्या प्रथिन साखळ्यांवर) २९७ क्रमांकाच्या अॅस्परजिन या अमिनो आम्लावर साखरेची फांदी असते. एंडोएस२ हे जिवाणूपासून मिळणारं एन्झाइम ती फांदी बुडापाशी छाटतं आणि एन-अॅसिटिल ग्लुकोसामाइन ही एकच साखर शिल्लक ठेवतं (तिला फ्यूकोज ही दुसरी साखर जोडलेली असेल तर तीही राहते). मग गॅलट नावाचं दुसरं एन्झाइम त्या खुंटावर अझाइडचं (तीन नायट्रोजन अणूंच्या गटाचं) शेपूट असलेली साखर बसवतं. मूळ एन्झाइमला ही साखर नीट पेलत नाही, म्हणून त्यातलं २८९ क्रमांकाचं टायरोसिन बदलून ल्युसिन केलेलं असतं. शेवटी डीबीसीओ (अझाइडला पकडणारा रासायनिक गट) जोडलेला रंग घातला की तो अझाइडला आपोआप जुळतो, तांब्याची गरज पडत नाही. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या क्लिक रसायनासाठी मिळालं, त्यातलाच हा बिनतांब्याचा प्रकार. दोन साखळ्या, दोन जागा, म्हणजे एका अँटिबॉडीमागे दोन रंग.

पहिला प्रयत्न फसला, आणि चूक माझी होती. गॅलटची पायरी रात्रभर चालते. दुसऱ्या दिवशी कॉलममधून (उरलेली रसायनं वेगळी करणाऱ्या नळीतून) धुताना मी सवयीने आमचा साठवणुकीचा बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) वापरला. त्यात ०.०२ टक्के सोडियम अझाइड असतं, बुरशी येऊ नये म्हणून. हे प्रमाण किरकोळ वाटतं, पण ते सुमारे ३ मिलिमोलर होतं. माझ्या अँटिबॉडीवर बसवलेले अझाइड जेमतेम १३ मायक्रोमोलर. डीबीसीओने साहजिकच समोर दिसणाऱ्या गर्दीला धरलं आणि अँटिबॉडी जवळजवळ कोरी राहिली: एका अँटिबॉडीमागे रंगाचं प्रमाण ०.३. ही सूचना पुस्तिकेत आहे, पण शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. ती पहिल्या पानावर ठळक हवी होती. तीच गोष्ट ईडीटीएची (बफरमध्ये घालतात ते धातू पकडणारं रसायन). गॅलटला मँगनीज लागतं आणि ईडीटीए ते ओढून घेतं, पण पुस्तिकेत त्याबद्दल एकच ओळ आहे.

दुसऱ्या वेळी साधा ट्रिस बफर घेतला, अझाइड नाही, ईडीटीए नाही. २५० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात केली. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २८० नॅनोमीटरच्या शोषणातून रंगाचा वाटा वजा केला आणि हिशेब केला: एका अँटिबॉडीमागे १.९ रंग. तिसऱ्या वेळी १.८. मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) जड साखळीचं शिखर आधी खाली सरकलं (साखर छाटली गेल्याची खूण), मग अझाइडवाल्या साखरेमुळे बरोबर २४४ डाल्टन वर गेलं. ते शिखर रुंद पसरलेलं नव्हतं, एकच आणि टोकदार होतं. एनएचएसच्या वेळी याच ठिकाणी डोंगररांग दिसली होती.

आणि पेशींवर? पकड शाबूत. रंग साडेचारऐवजी दोनच, तरी सिग्नल लख्ख. शिवाय मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या पेशींवर) अँटिबॉडी उगाच चिकटून येणारी चमक बरीच कमी झाली, कारण साखर छाटली की एफसी रिसेप्टरची (अँटिबॉडीचा एफसी भाग धरणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनाची) ओढ ढिली पडते. हा फायदा मी धरला नव्हता. मात्र ज्यांना याच रिसेप्टरमार्फत पेशी मारून घ्यायच्या आहेत, त्यांच्यासाठी हाच तोटा आहे.

शेजारच्या बाकावर अँटिबॉडीला औषध जोडण्याचं काम चालतं, तिथे हा मुद्दा आणखी मोलाचा. २०१३ मध्ये मान्यता मिळालेल्या ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन या कर्करोगावरच्या औषधात अँटिबॉडीला विषारी औषध लायसिनवरच जोडलेलं आहे. एका अँटिबॉडीमागे सरासरी साडेतीन औषधं, पण बाटलीत एकही नसलेल्यापासून सात-आठ असलेल्यापर्यंत सगळी सरमिसळ. एन्झाइमने जोडलं की प्रत्येक रेणू जवळजवळ सारखा निघतो. दोन जागा कमी पडल्या तर फांद्या असलेला दुवा वापरावा लागतो.

आता खटकलेलं. तीन दिवस जातात, एनएचएसला दोन तास पुरतात. प्रत्येक वेळी कॉलममध्ये माल अडकतो. २५० मधले एकदा १६५ आणि एकदा १८० मायक्रोग्रॅमच हाती आले. जिचा थेंब न् थेंब मोलाचा, तिच्यासाठी हे किट घ्यायचं आणि तीच सांडायची, हे मनाला लागतं. कॉलमऐवजी गाळणीच्या नळ्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फॅब तुकड्यांवर (एफसी भाग नसलेल्या, फक्त पकडीच्या तुकड्यांवर) आणि जिवाणूत बनवलेल्या, साखर नसलेल्या अँटिबॉडीवर याचा उपयोग नाही. सॉर्टेज या दुसऱ्या एन्झाइमची पद्धत अँटिबॉडीच्या शेवटी खास अमिनो आम्लांची ओळख जोडल्याशिवाय चालत नाही, आणि हायब्रिडोमाच्या तयार मालात ती कुठून आणणार? म्हणून माझ्यासारख्याला हाच रस्ता.

बाजारात मिळणारी, भरपूर आणि स्वस्त अँटिबॉडी असेल तर आधी एनएचएसच करून बघा, पकड टिकली तर तेवढं पुरे. पकड गेली किंवा रंगाची संख्या दर वेळी तीच हवी असेल, तर हे घ्या. मी चौथं मागवलं आहे. उरलेल्या अँटिबॉडीचा बफर यावेळी आधीच बदलून ठेवलाय आणि नळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: अझाइड नाही.