रुंद पायाला हॉकी स्केट: माप वाढवावं की रुंदी?

चवडा रुंद आणि टाच निमुळती असा पाय असेल, तर हॉकीचे स्केट घेताना दोन वाटा समोर येतात. पहिली म्हणजे नेहमीच्या रुंदीचा, डी अक्षराचा बूट घ्यायचा आणि करंगळी चेपते म्हणून माप अर्ध्या-एकाने वाढवायचं. दुसरी म्हणजे लांबी पायाला हवी तेवढीच ठेवायची आणि डबल ई, म्हणजे रुंद साच्याचा बूट घ्यायचा. मी दोन्ही करून पाहिलं आहे. आधी 8 नंबरचा डी दोन वर्षं वापरला. त्यानंतर घेतलेल्या 7 नंबरच्या डबल ईला आता चौथं वर्ष चालू आहे.

गोव्यात बर्फ नाही, त्यामुळे माझं बहुतेक खेळणं फोंड्याला सिमेंटच्या कोर्टावर, चाकांवर होतं. वर्षातून एकदा दुबईला मावसभावाकडे गेलो की दहा-बारा दिवस बर्फावर. इनलाइन हॉकीचे, म्हणजे एका ओळीत चाकं असलेले, बूट बर्फाच्या बुटांच्याच घडणीचे असतात आणि रुंदीची अक्षरंही तीच, म्हणून खाली लिहिलेलं दोन्हींना लागू पडेल असं वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त येतो याचं कारण मला तरी आपल्या पायांतच दिसतं. आमचं लहानपण कापणी झालेल्या भातशेतात अनवाणी फुटबॉल खेळण्यात गेलं. उरलेला वेळ चप्पल. अशा पायाची बोटं मोकळी पसरतात, चवडा रुंद होतो आणि टाच मात्र बारीकच राहते. मी कोणाचे पाय मोजत बसलेलो नाही, पण आमच्या कोर्टावरच्या बहुतेकांची पहिली तक्रार करंगळीचीच असते. आणि त्यावर पहिला सल्लाही ठरलेला: "एक नंबर मोठा घे, बसेल." सल्ला देणाऱ्याचं चुकत नाही. शाळा सुरू होताना बूट एक बोट मोठे घ्यायचे हे आपल्या सगळ्यांच्या घरचं वळण आहे. चालण्याच्या बुटाला ते चालतं. स्केटला का चालत नाही, ते मला दोन वर्षांनी कळलं.

आपली दुसरी अडचण अशी की पाय घालून बघावा असं दुकान जवळ नाही. बूट बाहेरून मागवायचा, कस्टम भरायचं. तो नाही बसला तर परत पाठवण्याचा खर्च परवडत नाही. म्हणून घरी नीट मोजणं हाच काय तो उपाय. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभराच्या उकाड्याने पाय थोडा फुगलेला असतो आणि आपण खेळतोही संध्याकाळीच. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं, पेन्सिल सरळ उभी धरायची, दोन्ही पाय मोजायचे. माझा उजवा 262 मिलिमीटर भरला, डावा 259, आणि चवड्याची रुंदी 104. स्केटचा नंबर रोजच्या बुटाच्या अमेरिकन नंबरापेक्षा एक ते दीडने कमी असतो हे तुम्हाला माहीत असेलच. त्या हिशेबाने मला 7 हवा होता. डीमध्ये करंगळी चेपणार असं रुंदीच्या आकड्यावरून दिसत होतं, म्हणून मी 8 मागवला.

8 डीबद्दल आधी चांगलं सांगतो. पहिल्याच संध्याकाळी पाय सुखात होता. कुठे टोचलं नाही, फोड आला नाही. डी मिळायला सोपा, जुन्या बाजारात तर जवळजवळ सगळे डीच असतात, त्यामुळे खिशालाही हलका. नुसती चक्कर मारायची असती तर मी कदाचित अजूनही तोच घालत असतो.

त्रास हळूहळू वर आला. पूर्ण एका नंबराने बूट साडेआठ मिलिमीटरच्या आसपास लांब होतो, पण रुंदी त्या मानाने थोडीच वाढते. म्हणजे मला हवी होती रुंदी आणि मिळाली मुख्यतः लांबी. ती जादा लांबी टाचेमागे जाऊन बसली. जोरात डावीकडे वळताना उजवी टाच बुटातल्या बुटात वर यायची. किती, तर दोन पुठ्ठे जाडीला असतात तेवढी. बाहेरून बघणाऱ्याला दिसणारही नाही. पण प्रत्येक ढकलीला आधी टाच वर, मग बूट वर, मग चाक जमीन सोडणार, असा एक ठोका उशीर. बर्फावर तर तो आणखी जाणवतो. पात्याची आतली धार लावायची म्हणून घोटा झुकवावा, तर आधी पाय बुटात झुकतो आणि बूट मागून येतो.

टाच उचलली की माणूस काय करतो? लेस आवळतो. मीही तेच केलं. वरून तिसऱ्या छिद्राशी आकडा घालून ओढायचो, बोटांना वळ उठेपर्यंत. टाच थोडी थांबायची, पण लेस पावलाच्या वरच्या बाजूला, जिथे बोटं वर उचलणाऱ्या शिरा असतात तिथे रुतायची. वीस मिनिटांत पुढचा पाय बधिर. खेळ संपवून मोजा काढला की पावलावर आडवी लाल रेघ दिसायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरला किक मारताना तिथूनच कळ निघायची. दोन वर्षं मी हे लेसचं दुखणं समजत होतो. लेस बदलल्या, मेणाच्या घेतल्या, जिभेखाली फोमची पट्टी घातली. दुखणं लेसचं नव्हतंच. बूट लांब होता म्हणून टाच सुटत होती, टाच सुटत होती म्हणून लेस आवळत होतो आणि आवळलेली लेस चावत होती. मूळ पहिल्या टोकाला होतं आणि मी औषध शेवटच्या टोकाला लावत होतो.

जाड तळवा घालून पाहिला. त्याने टाच खोबणीतून आणखी वर आली आणि प्रकरण बिघडलं. मग एकदा शुक्रवारी बाजाराला म्हापशाला गेलो असता बूट एका मोच्याकडे नेला. त्याने घोट्याजवळची बाजू अंगठ्याने दाबली, वाकवून पाहिली, आत हात घालून टाचेची खोबण चाचपली. "हे चामडं नाही, भाऊ. मी ताणायला गेलो तर फुटेल, पण पसरणार नाही," म्हणाला. पैसे घेतले नाहीत. आणि निघताना म्हणाला, "तुमची टाच कुठं आणि याची टाच कुठं!" इतकं थेट मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

7 डबल ई दुबईतून घेतला, पाय घालून, एका संध्याकाळी पाच जोड्या बदलून. तिथे तीन गोष्टी करून पाहिल्या, त्या घरी पार्सल उघडल्यावरही करता येतात. पातळ मोजा घालून लेस न बांधता पाय पुढे सरकवला, बोटं टोपीला, म्हणजे बुटाच्या कडक टोकाला, टेकवली आणि टाचेमागे बोट घालून पाहिलं. एक बोट जेमतेम गेलं तर ठीक, सैल फिरलं तर बूट मोठा. मग टाच मागे आपटून बसवली, लेस बांधली आणि ताठ उभा राहिलो. अंगठा टोपीला पिसासारखा लागला पाहिजे आणि गुडघे वाकवले की मागे सरकला पाहिजे. तिसरी परीक्षा पेन्सिलची, आणि माझ्या मते रुंद पायवाल्यांनी ती चुकवूच नये. लेस सैल सोडायची, जीभ बाजूला घ्यायची, टाच नीट मागे बसवायची आणि वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवायची. ती दोन्ही कडांना टेकली आणि पायाला लागली नाही तर बुटाला खोली पुरेशी आहे. पायावर टेकून डुगडुगली तर बूट उथळ. अशा बुटात लेस कितीही सैल बांधली तरी पुढेमागे चावणारच, मग रुंदीचं अक्षर काहीही असो.

विकत घेतल्यावर तिथेच बूट भाजून घेतले. भाजणं म्हणजे साधारण 80 अंशांच्या भट्टीत काही मिनिटं ठेवून मऊ झालेले बूट पायात घालायचे आणि खुर्चीवर गुडघे काटकोनात ठेवून पंधरा मिनिटं गप्प बसायचं. उभं राहायचं नाही, चालायचं नाही. लेस ओढायची ती वरच्या दिशेने. बाजूला ओढली तर ऊब असताना छिद्रं उखडतात. गरम बूट घोट्याभोवती हळूहळू आवळत येतो, ओल्या मातीचं भांडं हातात धरल्यासारखा. करंगळीपाशीचा दाब त्या पंधरा मिनिटांत ओसरताना मला समजला. पुढचे 24 तास बूट घालायचे नसतात. हे घरच्या ओव्हनमध्ये करावं असं मी म्हणणार नाही. आमच्या ओव्हनचा काटा थोडा चुकला तरी बेबिंकाच्या थरांना चालतो, बुटाला तेवढ्या फरकाचाही धोका आहे, आणि सगळे बूट भाजायला चालतात असंही नाही.

आता डबल ईच्या उण्या बाजू, कारण त्या आहेत. पहिले पाच-सहा दिवस तो त्रास देतो, 8 डीसारखं पहिल्या संध्याकाळचं सुख इथे नाही. आतल्या घोट्याचं हाड माझं आठवडाभर सोललेलं होतं. शिवाय रुंद साचा म्हटला की काही बुटांत टाचही रुंद येते, आणि निमुळत्या टाचेला मग तिथेही सैल. त्या पाच जोड्यांपैकी दोन मी याच कारणाने खाली ठेवल्या. म्हणून कागदावर डबल ई लिहिलंय एवढ्यावर पार्सल मागवू नका. त्या मॉडेलची टाच कशी आहे हे वापरणाऱ्याला विचारा. काही वर्षांपूर्वी बॉअर कंपनीने फिट 1, 2, 3 अशी अरुंद ते रुंद पद्धत आणली आणि सीसीएम कंपनीनेही टेपर्ड, रेग्युलर, वाइड, म्हणजे निमुळता, नेहमीचा आणि रुंद, असे तीन साचे केले. त्यात नुसता चवडा नाही, पूर्ण बुटाची जाडी, खोली आणि टाच धरलेली असते. फिट 3 सगळीकडूनच मोकळा असतो. चवडा थोडाच रुंद आणि टाच फार बारीक असेल, तर फिट 2 भाजून घेणं कदाचित जास्त बरं पडेल. हे मी मित्राच्या पायावर पाहिलं आहे, माझ्या नाही.

एक गोष्ट आपल्या हवेची. लेहला खेळणाऱ्यांना कोरडी थंडी मिळते. आपल्याकडे एप्रिलमध्ये अर्ध्या तासात मोजा पिळून निघतो आणि ओल्या मोज्यात टाच दुप्पट घसरते. बुटात जरा सैल असलेली टाच तिथे चालूनही जाईल, इथे नाही. पावसाळ्यात तळवे काढून आत वर्तमानपत्र कोंबा, पंख्याखाली सुकवा, पाती पुसून कोरड्या फडक्यात गुंडाळा. आतला ओलावा राहिला तर आठ दिवसांत बुरशीचा वास येतो आणि अस्तर मऊ पडून टाचेची खोबण आणखी ढिली होते.

पात्याचाही विचार करा. बूट लांब घेतला की होल्डर, म्हणजे पातं धरणारा भाग, आणि पातंही लांब येतं. ही मापं 254, 263, 272, 280 मिलिमीटर अशी टप्प्याने चढतात. तोल त्या लांबीवर बेतलेला असतो, आणि आपला पाय मात्र त्याच्या पुढच्या भागात उभा. 7 घातल्यावर मला पहिल्यांदा पायाखाली पात्याचा मध्य सापडला. वळण्यातला तो एक ठोक्याचा उशीर गेला आणि लेस आता मी दोन बोटांनी बांधतो.

मुलांचा प्रश्न वेगळा. वाढत्या पायाला अर्धा नंबर जास्त घेणं समजण्यासारखं आहे, दर सहा महिन्यांनी नवे बूट कोण घेणार? पण अर्ध्याच्या वर जाऊ नये आणि चवडा रुंद असेल तर अर्धा नंबर रुंद साच्यातच वाढवावा. मोठ्यांमध्ये टाच जाड असेल, किंवा डीमध्ये करंगळी जेमतेम टेकते एवढीच तक्रार असेल, तर डी भाजून घेऊन पाहायला हरकत नाही. तो कदाचित पुरेसा होईल. करंगळी वळत असेल आणि टाच निमुळती असेल, तर माप वाढवण्याआधी एकदा थांबा, एवढं माझं म्हणणं आहे.

माझी 8 डीची जोडी अजून पोटमाळ्यावर आहे. कोर्टावर संध्याकाळी येणाऱ्यांना मी ती घालून बघायला देतो, शेजारी 7 डबल ई ठेवतो, आणि लेस न बांधता दोन्हींत टाचेमागे बोट घालायला सांगतो.