लिब्रेऑफिस: स्मरणिकेच्या कामात कितपत भरवशाचे?

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे काम करणाऱ्याच्या संगणकावर एकच प्रोग्रॅम कधीच उघडा नसतो. लेख लिब्रेऑफिस या निःशुल्क ऑफिस-संचातील रायटरमध्ये, जाहिरातदार आणि वर्गणीदारांची यादी त्यातल्याच कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये, छायाचित्रे गिंप या चित्रसंपादकामध्ये, आणि ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब, कारण निम्मे लेख तिथूनच येतात. शिवाय इंदूरमध्ये आजही बरेच जण मजकूर कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकून देतात, त्यामुळे तो युनिकोड या आजच्या प्रमाणित पद्धतीत बदलून घेण्याची सोयही बाजूला उघडी ठेवावी लागते. 4 जीबी रॅमच्या यंत्रावर ही ये-जा दिवसभर चालते आणि मजकूर हातचा जातो तो बहुधा याच धांदलीत. राजेंद्रनगरातील आमच्या मंडळाचे काम लिब्रेऑफिसवर होत असल्यामुळे त्याचे परीक्षण मी याच एका कसोटीवर करणार आहे.

त्याची सर्वांत मोठी उणीव आधी सांगतो. रायटर, कॅल्क आणि चित्रे काढण्याचा ड्रॉ यांच्या विंडो वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्या एकाच प्रक्रियेत चालतात, म्हणून कॅल्कमधील एखादी अवजड यादी अडकून प्रोग्रॅम बंद पडला तर रायटरमध्ये उघडा असलेला लेखही त्याच क्षणी बंद पडतो. विंडो बदलण्यापूर्वी कंट्रोल-एस दाबण्याची सवय येथे अनिवार्य आहे, आणि मंडळात नव्याने कामाला बसणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ती पहिल्याच दिवशी लावतो.

या उणिवेची भरपाई फाइल परत मिळवण्याच्या सोयीत होते आणि ती मला मनापासून आवडली. पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली. ती आल्यावर लिब्रेऑफिस उघडताच एका चौकटीत त्या वेळी उघड्या असलेल्या सर्व फाइलींची नावे ओळीने आली: अध्यक्षांचे मनोगत, बालविभाग आणि जाहिरातींची यादी. परत मिळवण्याचे बटण दाबल्यावर तिन्ही उघडल्या. मनोगतातील शेवटचा परिच्छेद मात्र त्यात नव्हता, कारण लिब्रेऑफिस उघड्या फाइलींची ठरावीक वेळाने आपोआप जी नोंद ठेवते, त्यातल्या शेवटच्या नोंदीनंतर तो टंकलेला होता. ही नोंद मुळात दर 10 मिनिटांनी होते. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल या मार्गाने जाऊन ती मुदत 2 मिनिटांवर आणावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्याच चौकटीत ‘डिस्कार्ड’ हेही बटण असते. घाईत ते दाबले तर त्या नोंदीवर पाणी सोडावे लागते. परत मिळालेली फाइल लगेच सेव्ह करणेही तितकेच आवश्यक आहे.

त्याच पानावर प्रत्येक वेळी बॅकअप प्रत ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू असला की सेव्ह करताना आधीची आवृत्ती .bak या विस्तारासह जपली जाते, त्यामुळे चुकून पुसलेला मजकूर सेव्ह झाल्यावरही आदल्या रूपात सापडू शकतो. 2024 मधील 24.2 आवृत्तीपासून या दोन्ही सोयी मुळातच चालू असतात. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी त्या तपासून घ्याव्यात.

मुदत कमी करण्याची किंमतही आहे. मोठी छायाचित्रे लेखातच बसवली की फाइल फुगते आणि दर 2 मिनिटांनी टंकलेखन क्षणभर थांबते. छायाचित्रे गिंपमध्ये आधीच लहान करून घेतली तर हा त्रास बराच कमी होतो.

एका प्रोग्रॅममधून कट केलेला मजकूर दुसऱ्यात चिकटवण्याआधीच काही वेगळे कॉपी झाले, तर तो क्लिपबोर्डवरून जातो. हा दोष लिब्रेऑफिसचा नव्हे. विंडोज 10 मध्ये 2018 च्या ऑक्टोबर अपडेटपासून क्लिपबोर्डचा इतिहास ठेवता येतो. सेटिंग्जमध्ये तो एकदा चालू केला की विंडोज-व्ही दाबल्यावर मागील 25 पर्यंत गोष्टी दिसतात, मात्र पिन न केलेल्या गोष्टी संगणक पुन्हा सुरू केल्यावर राहत नाहीत. म्हणून दुसऱ्याचा लेख हलवताना कट न करता कॉपीच करावे आणि मूळ मजकूर छपाई होईपर्यंत पुसू नये.

कमी रॅमच्या यंत्रावर मराठी स्मरणिका करणाऱ्या मंडळांना मी हे निःशुल्क सॉफ्टवेअर निश्चित सुचवेन, मात्र सोबत यूपीएस हवाच, कारण वीज गेल्यावर त्या शेवटच्या 2 मिनिटांतील मजकूर वाचवणे लिब्रेऑफिसच्या हाती नाही.