वहीत पहाटेच्या खुणा रात्री अकरालाच मारलेल्या होत्या

बाबांच्या उशाशी एक वही असायची. दर दोन तासांनी कूस बदलली की वेळ, खूण आणि सही. त्या रात्री अकरा वाजता मी पाणी ठेवायला त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा वही उघडी होती. एक, तीन आणि पाच या वेळांसमोर खुणा मारून झाल्या होत्या. डावी, उजवी, डावी. पुढे सही आणि दोन शब्द : पेशंट शांत. पहाटेचे पाच वाजायला अजून सहा तास होते.

घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे आणि आज-उद्या घरी नर्स पाठवणाऱ्या एखाद्या ब्युरोला फोन करायचा आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. आम्ही सहा आठवडे फसत राहिलो. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण ते कधीतरी भरून निघेल. बाबांचे ते सहा आठवडे मात्र कुणीच परत देणार नाही, म्हणून जे झालं ते सविस्तर सांगते.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला होता. हॉस्पिटलमधून सोडताना सांगितलं, आता घरी न्या, पॅलिएटिव्ह केअर घ्या. तीव्र वेदना थांबवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आजार बरा होणारा नसला तरी वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी, हा त्याचा अर्थ आम्ही विचारला नाही आणि आपणहून कुणी सांगितलाही नाही. घरी आल्यावर मी तोच शब्द फोनवर शोधला आणि तोच शब्द जाहिरातीत घालून बसलेल्या माणसांच्या हाती सापडले. ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरच्या घरी पॅलिएटिव्ह केअर, चोवीस तास प्रशिक्षित नर्स.’ बाबा दुसऱ्या खोलीत कण्हत होते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, त्या संध्याकाळी मी तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरून मोकळी झाले. पावतीवर नोंदणी क्रमांक नव्हता. रक्कम परत मिळणार नाही, हे मात्र मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. बाबांना आजोबा म्हणायच्या, मला ताई. वागायला गोड. त्यांनी नर्सिंगचं कुठलंच शिक्षण घेतलेलं नव्हतं, हे आम्हाला शेवटी कळलं, आणि तेही त्यांनीच रडत रडत सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी त्या एका ऑफिसात साफसफाई करत होत्या. चार दिवसांत ब्लडप्रेशर घ्यायला आणि सुई टोचायला शिकवून ब्युरोने त्यांना आमच्या घरी पाठवलं होतं. आम्ही भरलेल्या पैशांतला किती भाग त्यांच्या हातात पडत होता, ते ऐकून माझा त्यांच्यावरचा राग तिथेच संपला. ब्युरोवरचा आजही संपलेला नाही.

ब्युरोचे ‘डॉक्टर’ व्हिडिओ कॉलवर यायचे, जेमतेम दोन मिनिटं. पहिल्याच कॉलमध्ये त्यांनी मॉर्फिन बंद करायला सांगितलं. सवय लागेल, श्वास बंद पडेल, आमच्याकडे याहून सुरक्षित इंजेक्शन आहे. आम्हालाही त्या गोळ्यांची मनातून भीतीच होती, त्यामुळे पटकन पटलं. उरलेल्या गोळ्या नियमाप्रमाणे नष्ट कराव्या लागतात असं सांगून ब्युरोचा माणूस पाकिटं घेऊन गेला. त्याची पावती मागायचं आम्हाला सुचलं नाही. त्या गोळ्या कुठे गेल्या असतील याचा विचार करते तेव्हा आजही हात थरथरतात.

पुढचे तीन-चार दिवस फार वाईट गेले. बाबांना दरदरून घाम, पोट बिघडलेलं, एका जागी पडवत नव्हतं. ब्युरो म्हणाला, आजार वाढतोय, अपेक्षितच आहे. नियमित चालू असलेलं मॉर्फिन एकाएकी तोडलं की असंच होतं, ते हळूहळू कमी करायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग इंजेक्शन सुरू झालं आणि बाबा गप्प झाले. दिवसभर झोपून. आम्हाला वाटलं, दुखायचं थांबलं. मी देवाचे आभार मानले. कूस बदलताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या, दात आवळले जायचे, एक हात चादर घट्ट धरायचा, हे सगळं मी पाहत होते आणि तरीही मला ते दिसत नव्हतं. झोपलेला माणूस म्हणजे वेदना नसलेला माणूस नव्हे. बोलू न शकणाऱ्या वृद्धांची वेदना ओळखायची रीत आहे, २००३ पासून डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांसाठी ती वापरली जाते : श्वास कसा चाललाय, आवाज कसा निघतोय, चेहरा, अंगाची हालचाल, आणि जवळ घेतल्यावर, बोलल्यावर माणूस शांत होतो का. पाचही गोष्टी घरातलं कुणीही पाहू शकतं. मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात मी ओरडले असते.

दुसऱ्या आठवड्यात बाबा असंबद्ध बोलू लागले. भिंतीवर कुणीतरी उभं आहे म्हणायचे. मग लघवी अडली. रात्रभर तळमळले, शेवटी नळी घालावी लागली. ब्युरोचं उत्तर ठरलेलं : वयाचं आहे, मॅडम.

ते वयाचं नव्हतं. वहीतल्या त्या खुणा दिसल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचऱ्याच्या डब्यात हात घातला. तिथे इंजेक्शनच्या फोडलेल्या काचेच्या बारीक कुप्या होत्या. एकीचं लेबल निम्मं फाटलेलं, दुसरीचं नीट वाचता आलं : प्रोमेथाझिन. मी ते नाव आमच्या ओळखीच्या औषधविक्रेत्याला फोनवर वाचून दाखवलं. तो क्षणभर काही बोललाच नाही. मग म्हणाला, ताई, हे ॲलर्जीचं आणि उलटीचं औषध, याने गुंगी येते. दुखणं थांबत नाही. बाकीच्या कुप्या जीवनसत्त्वाच्या होत्या.

वयस्कर माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची एक यादी १९९१ मध्ये मार्क बिअर्स या डॉक्टरांनी तयार केली. तिच्यात वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत आणि वृद्धांचे डॉक्टर ती वापरतात. गुंगी आणणारी ही जुन्या पठडीची ॲलर्जीची औषधं त्या यादीत आहेत. कारणंही तीच, जी आमच्या घरात घडत होती : भ्रम, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडणं. प्रोस्टेटच्या रुग्णाला तर ती आणखीच जाचक. बाबांना गप्प ठेवण्याचं औषध वेदनेचं म्हणून विकलं गेलं आणि त्यातून झालेला प्रत्येक नवा त्रास वयाच्या नावावर टाकला गेला.

सलाईनचंही असंच. बाबांचं खाणं कमी झालं होतं, ते पाहून आम्ही सगळेच कासावीस. ब्युरोने रोज ‘शक्तीची सलाईन’ सुरू केली, तिचं बिल वेगळं. आठवड्याभरात पावलं सुजली, बोट दाबलं की खळगा राहायचा, आणि छातीतून घरघर यायला लागली. आजार शेवटाकडे जातो तेव्हा शरीराला अन्नपाणी पेलवत नाही, म्हणून भूक कमी होते. आपण भरवत नाही म्हणून माणूस खंगत नाही. हे मान्य करणं मुलांना फार जड जातं आणि ब्युरोचा धंदा नेमका त्या जागी चालतो. घरी राहणाऱ्या, आजार पुढे गेलेल्या कॅन्सरच्या १२९ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना रोज एक लिटर सलाईन, काहींना नावापुरती शंभर मिलिलिटर. त्रासात किंवा आयुष्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तोंड कोरडं पडतं, त्यावर ओल्या कापसाने तोंड पुसणं, ओठांना काहीतरी लावत राहणं याचा जास्त उपयोग होतो. ते करायला पैसे लागत नाहीत, म्हणून ते ब्युरोने सांगितलं नाही.

आणि पाठ. कुप्या सापडल्या त्याच सकाळी मी भावाला बोलावलं आणि आम्ही दोघांनी बाबांना हळूच कुशीवर वळवलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा आम्ही स्वतः त्यांची पाठ पाहिली. माकडहाडावर कातडी फाटली होती, बोटाच्या पेराएवढी जखम, कडा काळपट. टाचेवर लाल डाग. त्या डागावर बोट दाबून पाहिलं तर तो पांढरा पडेना, लालच राहिला. याचा अर्थ दाबामुळे तिथल्या कातडीला इजा व्हायला लागली आहे, ही बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी असते आणि या पायरीवर वेळीच भार हलवला तर बहुतेक वेळा ती मागे फिरते, हे दुपारी आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं. वहीत सहा आठवडे दर दोन तासांना खूण होती.

त्या डॉक्टर खऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या. औषधविक्रेत्यानेच त्यांचा नंबर दिला होता. घरात येऊन त्यांनी आमच्याशी काही बोलण्याआधी खुर्ची पलंगाजवळ ओढली, बाबांचा हात हातात घेतला आणि विचारलं, “काका, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?” सहा आठवड्यांत हा प्रश्न बाबांना कुणीच विचारला नव्हता. मीही नाही. बाबा कितीतरी वेळाने म्हणाले, “कंबर. आणि मला काही कळत नाही, त्याची भीती वाटते.”

मॉर्फिन पुन्हा सुरू झालं, कमी मात्रेपासून, दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखायची वाट पाहायची नाही. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, उघडणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी हाच आग्रह धरला होता, की वेदना परत यायच्या आत पुढचा डोस गेला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी तेच सांगितलं : तोंडाने, वेळेवर, पायरीपायरीने. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत दिलं. श्वासाबद्दल मी घाबरत विचारलं. मात्रा बेताबेताने वाढवत नेली आणि लक्ष ठेवलं तर तसं सहसा होत नाही, त्या म्हणाल्या, आणि लक्ष कसं ठेवायचं तेही शिकवलं. कंबरेच्या हाडाला रेडिएशनचा एकच डोस देऊन आणला. हाडांच्या वेदनेवर असा एक डोस अनेकांना आराम देतो, त्यासाठी फार फेऱ्या लागत नाहीत. ‘आता काही उरलं नाही’ असं धरून आम्ही बसलो होतो, तेव्हाही हे उपलब्ध होतं.

जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि त्यातल्या जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. उरलेल्यांची घरं अशा ब्युरोंना मोकळी सापडतात.

म्हणून हात जोडून सांगते. घरी कुणालाही ठेवण्याआधी नर्सचा आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो स्वतः तपासा. रागावले तर तिथेच थांबा. अंगावर पांढरा कोट आहे म्हणून कुणी नर्स होत नाही. मॉर्फिन कोण लिहून देणार आणि रात्री दोनला दुखलं तर कोण फोन उचलणार, हे दोन प्रश्न विचारा; ज्याला खरं काम येतं त्याची उत्तरं तयार असतात. पैसे आठवड्याचे द्या, महिन्यांचे नको. वेदनेच्या गोळ्या कुलपात ठेवा आणि रोज मोजा, नष्ट करायच्या असतील तर ज्या दुकानातून आणल्या तिथेच विचारा. प्रत्येक इंजेक्शनची कुपी फोडण्याआधी लेबल वाचा, फोटो काढा, रिकामी कुपी आपल्याकडे ठेवा. एखादं औषध बंद करायला सांगितलं तर ज्यांनी सुरू केलं त्यांना आधी फोन करा. आणि रोज अंग पुसताना पाठ, टाचा, कंबरेची दोन्ही हाडं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ते काम कितीही चांगल्या माणसावर सोडू नका.

बाबा त्यानंतर पाच आठवडे राहिले. जखम पूर्ण भरली नाही, पण वाढलीही नाही. गेले तेव्हा भाऊ आणि मी दोघं जवळ होतो.

आम्ही तक्रार केली आहे. सिस्टरनी स्वतःहून जबाब दिला, कुणी न बोलावता आल्या. पैसे अजून मिळालेले नाहीत. पुराव्यात मी वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या, मूळ वही माझ्याकडे आहे. प्रती काढताना पुढची पानं उलटली तेव्हा दिसलं, की महिनाअखेरपर्यंतचे सगळे रकाने आधीच भरलेले होते. सिस्टरना आम्ही निरोप दिला त्यापुढचे नऊ दिवस, रात्रंदिवस, दर दोन तासांनी : डावी, उजवी, पेशंट शांत. त्या नऊ दिवसांतल्या एका दुपारी बाबा उशीला टेकून भावाशी तास-दीड तास बोलत होते. लहानपणी त्याला सायकल शिकवताना दोघं कसे पडले होते, ते सांगत होते.